खांद्यापर्यंतचे हात

रविवार, संध्याकाळ

जिंकलो. मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आमची मेडनहेड शाखा सगळ्यात आधी मत देते आणि ईलिंग, क्रॉयडनवाले तिचंच बघून ठरवतात. म्हणजे खुर्ची माझीच. मग ताटावरून अर्ध्यातच का उठलो?

यंदा पहिल्यांदाच माझ्यासमोर दोघं उभे होते, डॉक्टर केतकी आणि तिच्याच वयाचा एक इंजिनिअर. दोघंही चिठ्ठ्या टाकू म्हणत होते. मीच ठणकावलं, "घरचीच माणसं आपण, चिठ्ठ्या कसल्या? हात वर करा!" आणि स्टेजवरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिलो. इथे परदेशात नवीन आले तेव्हा यातले निम्मे माझ्याच घरी राहिलेले. हात वर आले, पण खांद्यापर्यंतच. माना खाली. काय मिळवलं मी?

नंतर केतकीनेच चहा आणून दिला. "काका, अभिनंदन." ती चिडली असती तर बरं वाटलं असतं.

गाडीत सुधाला म्हटलं, "बायको तरी मनापासून माझ्या बाजूने होती."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. हात खाली कसा ठेवणार?"

तिचाही हात खांद्यापर्यंतच होता. मी तोही मोजला.