आवाजावरचं टिंब

बेसा, नागपूर
दि. ६ एप्रिल २०२५

चि. प्रीतीस,
सप्रेम जय भीम व अ. आ. वि. वि.

तुझ्या कॉम्प्युटरच्या तीन पडद्यांच्या टेबलाचा खरा हिशेब आधी सांगतो, म्हणजे पुढे कोणी मला चिकट म्हणायला नको. फळी फुकट, माझ्या दुकानाचं जुनं काउंटर मोडलं त्याची. मजुरी नाही, रंधा मीच मारला. टेबल फुकटात पडलं हे सांगायला मी मोठ्या थाटात तुझ्या मोठ्याआईकडे गेलो. पण टेबल वरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लावायचं, तर तिची शिलाई मशीन तिथून हलवावी लागली. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं आणि भाजीत तिखट वाढवलं. तिसऱ्या दिवशी गांधीबागेत नेऊन साडी घेऊन दिली, तेव्हा तोंड उघडलं. फुकटचं टेबल चार हजार दोनशेला पडलं. साडी मात्र छान आहे, असं म्हणणं मला भाग आहे.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुझीच तक्रार आहे की फोनवर मी तुझं ऐकत नाही, तुझ्या मागचा पंखा ऐकतो. पण त्याला मी काय करू? गेल्या महिन्यात तुझ्या खोलीतल्या पंख्याचा कंडेन्सर बसला आहे हे मी इथून सांगितलं की नाही? आणि त्याच फोनवर मला हेही कळलं होतं की तू रडून उठली आहेस. ते मी बोललो नाही, एवढंच. तेव्हा तुझी कंपनी घरून काम करू देत असेल, तर तुझी सगळी यंत्रसामग्री घेऊन इकडे ये. शाळेपासून तू याच घरात वाढलीस. आमचा धाकटा रुपराव आणि माया तुझे खरे आईबाप असले, तरी नरखेडकडच्या त्यांच्या बगिच्यात तुझे तीन पडदे संत्र्याच्या झाडांना टांगावे लागतील.

गरमीची काळजी करू नको. वरच्या खिडकीला माझ्या हातचा कूलर आहे. आवाजाचं म्हणशील तर त्याला आवाजच नाही. चाळीस वर्षं दुकानात जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरून राहिलो, माझ्या हातून गेलेली एक मोटार दुरुस्तीला दुकानात परत आली नाही. विचार कोणालाही.

ऊन वाढलं तसा लोभही वाढू दे.

तुझा मोठेबाबा,
भैय्याजी

---

पुणे
दि. १३ एप्रिल २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जय भीम. आपलं पत्र पोचलं. मोठ्याआईला सांगा, साडीचा फोटो पाठव.

उद्या जयंती. इथे मिरवणूक असते, पण आपल्या गल्लीसारखं कोणी हातात बुंदीचं पुडकं कोंबत नाही. त्या दिवशी मी खरंच रडले होते. तुमच्या कानांपुढे आमचं काय चालणार?

आता कामाचं. तुम्ही फोनवर विचारलं होतं की खेळ खेळायला पगार कोण देतो. मी खेळ खेळत नाही, मी ते मोडते. बाजारात यायच्या आधी खेळ कुठे अडकतो, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, ते शोधून द्यायचं. मधल्या मोठ्या पडद्यावर खेळ, डाव्या पडद्यावर माझ्या नोंदी, आणि उजवा पडदा उभा, त्यावर मशीन किती तापली, किती दमली याचे आकडे. खेळताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं असतं. ते रेकॉर्ड होऊन खेळ बनवणाऱ्यांकडे जातं. माझं आवाजाचं काम आहे, मोठेबाबा, हे ध्यानात ठेवा.

आमच्या अदिती मॅडम म्हणाल्या की आधी नागपूरहून चाचणी दे. मशीन तापून बंद पडता कामा नये आणि रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. जमलं तर कायमची घरून काम कर, नाही जमलं तर पुण्यात परत ये आणि पुन्हा हा विषय काढू नकोस. त्या वाईट नाहीत, पण एकदा नाही म्हणाल्या की नाहीच.

म्हणून मी मशीन तयार घेत नाही, एकेक भाग निवडून घेते आहे. ग्राफिक कार्ड तापट असतं, त्याला मोठी कॅबिनेट हवी. पुढे दोन पंखे हवा आत ओढतील, मागचा एक बाहेर फेकेल. तुम्ही आठ पंखे सुचवले होते, त्याबद्दल आभार. ती उडून रामटेकला जाईल. आणि हो, कॅबिनेटमधले रंगीत दिवे मी घेणार आहे. ते लग्नाच्या मांडवासारखे दिसतात हे तुमचं मत मला कळलं आहे.

एकच विनंती. कूलरची ओली हवा सरळ मशीनवर यायला नको.

तुमच्या मायेच्या भरवशावर मोठी उडी मारते आहे, तेवढी खाली चटई असू द्या.

आपली,
प्रीती

---

बेसा, नागपूर
दि. ७ मे २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

बाबांच्या विहिरीवरची मोटार नेमकी याच आठवड्यात जळावी! तुम्ही ती भरायला तिकडे गेलात तेव्हा आपल्या मशीनचा पहिला दिवा नुकताच लागला होता. तुम्ही गॅलरीखाली खड्डा खणून केलेलं अर्थिंग पाहून शेजारचे विचारत होते की घरात काय बसवून राहिले, सिनेमाचं थेटर? मशीन इतकी छान चालते आहे की बाहेर पंचेचाळीस असताना आतले आकडे हलत नाहीत. तीन पडदे लागले की मोठीआई दारात उभी राहून बघते आणि म्हणते, काहून वं, एका पोरीले तीन तोंडं कशाले?

पण एक घोळ झाला आहे. अदिती मॅडमनी पहिली दोन्ही रेकॉर्डिंग परत पाठवली. माझ्या बोलण्यामागे एक घरघर आहे म्हणे. मला इथे बसून काहीच ऐकू येत नाही, मोठ्याआईलाही नाही. मग हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. आहे. मॅडम म्हणाल्या, मंगळवारपर्यंत गेली नाही तर बॅग भर.

रेकॉर्डिंग बाबांच्या फोनवर पाठवू का?

मंगळवारच्या भीतीत,
प्रीती

ता. क. हे पाकिटावरच लिहिते: पत्र नरखेडच्या एसटीत कंडक्टरकाकांकडे देते आहे. त्यांनी पाकीट कानाला लावून विचारलं की यात पैसे तर नाहीत ना.

---

मु. रुपरावचा बगिचा, ता. नरखेड
दि. ८ मे २०२५

चि. प्रीतीस,
सप्रेम जय भीम व अ. आ.

रेकॉर्डिंग पाठवू नको. एक तर विहिरीपाशी रेंज नाही, आणि मोबाईलमधलं रेकॉर्डिंग म्हणजे पाण्यात डोकं बुडवून बोलणारा माणूस. त्यावर मी निदान करत नसतो. तू आवाज लिहून पाठव. हसू नको. आमच्या उस्तादांनी मला असंच शिकवलं. आवाजात र असला की बेअरिंग गेलं. र नसून वर टिंब असलं, घुंऽऽ असं, तर दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला. टिंब नसून नुसतं हूऽऽ असलं तर पातं हवा कापते. कान नीट लाव आणि शुद्धलेखन सांभाळ.

तोवर मागचा पंखा बदलून टाक. मी निघालो तेव्हाच मला त्याचा संशय आला होता. लहान पंख्यांचे बुश कागदाचे असतात की काय कोण जाणे.

इकडची मोटार भरून झाली, पण संत्र्याच्या अंबिया बहाराला पाणी हवं, म्हणून ती दोन दिवस चालवून बघतो. रुपराव म्हणतो, दादा, तू मोटारीजवळ असा बसतो जशी ती बाळंतीण आहे. मी म्हटलं, बाळंतिणीजवळ बसलो असतो तर तिनं मले हाकलून दिलं असतं, ही गरीब आहे.

तू बॅगेला हात लावू नको. माझ्या घरातून कोणी आवाजापायी गेलं तर मी दुकानाच्या पाटीवर नाव ठेवून काय करू?

खिडकीच्या कूलरचं पाणी रोज पाहत जा. पाण्याशिवाय चालला तर पंप जळतो. बाकी त्याला हात लावू नका.

कान तुझ्याकडे ठेवून,
मोठेबाबा

---

बेसा, नागपूर
दि. ९ मे २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जय भीम.

मागचा पंखा बदलला. सीताबर्डीतून नवा आणला, ऊन असं होतं की दुकानदारानं पंख्याआधी पाणी दिलं. काही फरक नाही.

आवाज लिहिते. चार वेळा ऐकून, खोडून, पुन्हा लिहिला आहे: घुंऽऽऽऽ, मग अगदी हलकंसं टिक्, मग पुन्हा घुंऽऽऽऽ. टिंब नक्की आहे. मी मोठ्याआईलाही हेडफोन लावून ऐकवलं. ती म्हणाली की टिंब तर आहेच, पण हा आवाज मले ओळखीचा वाटून राहिला, कोणाचा ते आठवत नाही. मी म्हटलं, मोठ्याआई, तो माणूस नाहीये.

मशीनचे आकडे ठीक आहेत. माझेच ठीक नाहीत. काल झोपताना मनात आलं की पुण्यातल्या त्या खोलीची किल्ली मी अजून परत केलेली नाही, आणि ते बरंच झालं असेल. मग स्वतःचाच राग आला. मला तिकडे जायचं नाही, मोठेबाबा. हे फोनवर बोलले असते तर तुम्ही बाकीचंही ऐकलं असतं, म्हणून लिहिते आहे.

लवकर या.

आपली,
प्रीती

---

मु. रुपरावचा बगिचा, ता. नरखेड
दि. १० मे २०२५

चि. प्रीतीस,
सप्रेम जय भीम व अ. आ.

टिंब आहे ना? मग बुशच. यावर मी माझी मिशी पैजेला लावतो. मागच्या पंख्याचा नसेल तर पॉवर सप्लायच्या पोटातल्या पंख्याचा असेल. तो तू उघडू नको, त्यात करंट धरून राहतो. मी उद्या रविवारच्या एसटीनं निघतो. बुद्ध पौर्णिमेला विहारात जाऊन आलो की पेचकस घेऊन मशीनचे स्क्रू खोलतो. मोठ्याआईला सांग, खिरीत साखर बेतानं घाल, मागच्या वर्षी मुंग्यांनीही नको म्हटलं होतं.

किल्ली परत पाठव. मी सांगतो म्हणून पाठव. जो आवाज कागदावर लिहिता येतो तो बंद करता येतो.

इकडून माया तुझ्यासाठी मोसंबी देऊन राहिली, एवढी, की मला मांडीवर घेऊन बसावं लागेल.

पोचतोच आहे,
मोठेबाबा

---

बेसा, नागपूर
दि. १५ मे २०२५

चि. सौ. माया हिस,
सप्रेम जय भीम.

मोसंबी पोचली. त्यातली अर्धी यायनं वाटेतच एसटीतल्या लोकायले वाटली आणि घरी येऊन सांगतात की माया हात आखडून देते. मी काही बोलली नाही, तुले मात्र लिहून राहिली.

तुह्या पोरीचं सांगते. मंगळवारी सकाळपासून हे मशीन उघडून बसले. तो पॉवर सप्लायही बदलून आणला. मग पेचकसाचं एक टोक मशीनले आणि दुसरं कानाले लावून असे डोळे मिटून बसले, मले वाटलं झोपले. प्रीती खेळून बोलून राहिली होती आणि पुण्याची मॅडम तिकडून ऐकत होती. म्हणे, आवाज आहे तसाच आहे. पोरीचं तोंड एवढंसं झालं. हे म्हणाले, मॅडमच्याच कानात बुश आहे.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर बंद, वरचा पंखा बंद, घामाच्या धारा. पण मशीन त्या बॅटरीच्या डब्यावर चालू, तिन्ही पडदे चालू. प्रीती बोलतच राहिली. आणि मॅडम एकदम म्हणाली की आता गेला आवाज, काय केलंस गं? काही केलं नाही, लाइन गेली. पंधरा मिनिटांनी लाइन आली आणि मॅडम म्हणते, आला परत.

मी काही मोटारी भरल्या नाहीत माया, पण लाइनीसोबत जातो आणि लाइनीसोबत येतो तो कोण, हे कळाले पेचकस लागत नाही. आधी वरचा पंखा बंद केला, काही नाही. मग जिन्यात गेली आणि कूलरचं बटण दाबलं. वरून प्रीती ओरडली, मोठ्याआई, गेला!

हे मानेत ना. म्हणाले, या कूलरले आवाजच नाही, मी रोज त्याच्याखालच्या खोलीत झोपतो. मी म्हटलं, म्हणूनच. बारा उन्हाळे तो आवाज ऐकून ऐकून आपण त्यालेच शांतता समजलो. मग प्रीतीनं यायच्या कानाले तो हेडफोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, टिंब आहे गा खरंच. आणि वरून मलेच ऐकवतात, पहा, मी कागदावरून सांगितलं होतं की नाही, बुश आहे म्हणून! आता त्यायले काय सांगावं? निदान सोळा आणे खरं, पण पंखा आपलाच निघाला. मिशी ठेवली आम्ही.

मॅडमनं काल होकार कळवला. प्रीतीनं पुण्याची किल्ली कुरिअरनं धाडली आणि माही शिलाई मशीन आता कायमची खाली आली. असू दे. ती दोन वेळा जेवायले बसते, भांडते, रंगीत दिवे लावून रातभर खोली मांडवावाणी करते, आणि मले घर भरल्यासारखं वाटते. सध्या सकाळी ऊन चढायच्या आत बोलण्याचं काम उरकून घेते. दुपारी खिडकीले ओली चादर लावतो.

घर इतकं चूप झालं की पहिल्या राती आम्हाले कोणालेच झोप आली नाही.

रुपराव भाऊजीले जय भीम सांगजो. संत्र्याइतकाच जीव आमच्यावरही असू दे. आणि भाऊजीले एवढंही सांगजो, की काल सकाळी यायनं आपल्याच हातचा तो कूलर खाली उतरवला, हातगाडीवर घातला, आणि तो आता दुरुस्तीले दुकानात आहे.

तुही जाऊबाई,
सिंधू