रिकाम्या पेठेतले दिवे

पौष शु. ३, शके १८३९. तळेगाव.
नव्या वहाणेने माझ्या उजव्या करंगळीवर अनन्वित अत्याचार चालवले आहेत. चांभाराकडे दाद मागितली. म्हणाला, "भाऊ, पायच वाकडा हाय तुमचा." इतके संस्कृत शिकून अखेर ही पदवी!
प्लेगमुळे सारे गाव रानात, झोपड्यांत. संपादकांना मात्र 'जुन्या पेठेतील वास्तूं'वर लेख हवा. पेठेत एकटे अण्णा, माझे थोरले बंधू. बाहेर पडताना शेजाऱ्यांनी घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या : देवापुढचा दिवा तेवढा लावत जा.

शु. ४
अण्णांबरोबर घरोघर. एरवी ज्यांनी ओसरीवरूनच वाटेला लावले असते, त्यांची माजघरे पाहिली. सराफांच्या तुळईवर कोरलेले पोपट. एकाची चोच तुटलेली. म्हटले, "हा आमच्यातला, बातमीदार. तोंड बंद केलेला." अण्णा हसले नाहीत. समईत तेल घातले, पुढच्या घरी.

शु. ६
सराफांच्या देवघरात उंदीर मरून पडलेला. अण्णांनी चिमट्याने उचलून परसात जाळला.
"कुणाला बोलू नकोस. बायका घाबरतील."
"आता तरी चला रानात."
"किल्ल्या कुणाला देऊ? तुला?"
मी खांबांची मापे घेऊ लागलो. खांब शिसवी. नक्षी…

शु. ८
झोपड्या जिच्या रानात आहेत ती गंगूमावशी : "तुमचं अण्णा अजून तितंच? द्येव काय अंधारात भितोय व्हय?" उत्तर होते, श्लोकासह. दिले नाही.
संध्याकाळी सराफ आले. "आमचा दिवा लागतो ना रोज?" लागतो म्हटले. समाधानाने गेले. अण्णांची चौकशी नाही. उंदराचे मीही बोललो नाही.

शु. ९
पेठेत गेलो. अण्णा डाव्या हाताने कुलूप लावत होते. उजवा अंगापासून लांब धरलेला.
"काय झालं?"
"तेलाचा डबा उचलला. लचकला."
डोळे लाल. कपाळाला हात लावू पाहिला तर मागे सरले. "लांब हो. झोपडीवर जा, लिही तुझं काहीतरी."
आलो निघून. एक ओळ लिहिली नाही. काखेत गाठ आली असणार. अण्णा जातील याची भीती वाटते. आणि उद्या त्यांना उचलायचे झाले तर माझा हात पुढे होईल की नाही, याची त्याहून जास्त.