डाव्या टाचेवरचा डाग

३ मार्च, सोमवार

यंदाही मेलानोमाचा रकाना जवळपास रिकामाच. आमच्या कॅन्सर नोंदणीच्या ऑफिसात तोंडाचे, स्तनाचे कागद गठ्ठ्यांनी येतात. कातडीच्या या काळ्या कॅन्सरचा एखादा. लाखात एकही भरत नाही. ईशान्येकडे तेच, केरळात तेच, आपल्याकडेही तेच. तरी गेल्या काही वर्षांत आलेखाची रेघ थोडी वर सरकलीय. आमच्या ऑफिसच्या डॉक्टर, गार्गी मॅडम, म्हणाल्या, "शालिकभाऊ, आजार वाढतोय की आपण आता नीट मोजतोय? आधी हे सांगा." माझ्या मुलीच्या वयाची बाई, पण प्रश्न बरोब्बर!

म्हणून जुने मृत्यू पुन्हा तपासायचे. 'पायाची जखम' लिहिलेले आधी. गोऱ्या लोकांना हा उन्हाच्या जागी होतो — पाठीवर, चेहऱ्यावर. आपल्या लोकांना बहुतेक तळपायाला, तळहाताला, नखाखाली.

डबा एकट्यानेच खाल्ला. कालचीच कारल्याची भाजी.

५ मार्च, बुधवार

कन्हानला गेलो. देवराव, खाणीतून रिटायर, गेल्या वर्षी वारले. कागदावर 'पाय सडला' एवढंच. त्यांच्या बायकोने, कांताबाईंनी, प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद काढून दिले. तळाशी लॅबचा रिपोर्ट — मेलानोमा. कोणी नोंदवलाच नव्हता!

"टाचेले भेगा पडल्या होत्या जी. मी बिब्बा तापवून लावून देल्ला. काळं झालं. आमाले वाटलं, बिब्ब्याचंच हाय."

"डॉक्टरले तवाच दाखवलं नाही?"

"काहून दाखवा? बिब्बा तर घरोघरी लावतेत."

मग हळूच — "माह्याच हातानं झालं का जी?"

नाही म्हणालो. खरंच नाही. बिब्ब्याने होत नाही. बिब्ब्यामुळे इतकंच झालं की कोणाला संशय आला नाही. त्या ऐकून बराच वेळ रडल्या. चहा दिला. "तुमच्या घरी कोण कोण हाय?" विचारलं. सगळे आहेत, म्हणालो.

६ मार्च

संक्रांतीला मी पण बिब्बा लावला होता! डाव्या टाचेला. माझी बायको माया होती तेव्हा तीच लावून द्यायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आता माझं मीच लावतो, अंदाजाने.

सकाळी पाय वळवून बघायला गेलो. दिसेना. साठीला आलेलं अंग वळतं कुठे! शेवटी मोबाइल फरशीवर ठेवून फोटो काढला. काळं आहे. बिब्ब्याचं काळं दोन-तीन आठवड्यांत कातडीबरोबर निघून जातं. सात आठवडे झाले.

९ मार्च, रविवार

घाबरलोय. लिहून टाकतो.

शेजारच्या शोभाताई भरीत घेऊन आल्या. "काहून लंगडून राहिले जी, भाऊ?" चप्पल चावली, म्हणालो. आता त्यांच्यापुढे तळपाय धरून 'जरा बघता का' म्हणू? शी!

आमच्या फॉर्मवर वय आहे, लिंग आहे, शरीरावरची जागा आहे. घरात तळपाय बघणारं कोणी आहे का, हे आम्ही विचारत नाही.

१४ मार्च

धुळवड. गल्लीत नुसता दंगा. माझ्या दारावर एकानेही थाप मारली नाही. अंगात जुना शर्ट घालून बसलो होतो!

मिनलचा नंबर काढला. ठेवून दिला. माझी एकुलती एक पोरगी, आणि तिच्या लग्नाला मी गेलो नाही. का? तर मुलगा जातीतला नाही. चार वर्षं झाली, बोलणं बंद. चूक माझी होती. इथे तरी कबूल करतो.

१७ मार्च, सोमवार

गार्गी मॅडमना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "उद्याच जायचं. मी फोन करून ठेवते."

१८ मार्च

तपासायला टाचेचा तुकडा काढला. दुखलं नाही. नर्सने विचारलं, "काका, सोबत कोण?" कोणी नाही. "मग नातेवाइकाचा नंबर तरी लिहा ना." पेन बराच वेळ नुसता धरून बसलो. मग मिनलचा लिहिला.

२० मार्च

फोन वाजला. मिनल! दवाखान्यातून कोणीतरी तिला नाव पक्कं करायला फोन केला होता.

"बाबा, मले काहून नाही सांगितलं?"

चार वर्षं बंगलोरला राहून पोरगी तशीच बोलते! "रडू नका गा बाबा. पंधरा दिवसांची सुट्टी टाकून राहिली मी. येतो दोघं."

दोघं, म्हणाली.

२४ मार्च

तिची खोली धुतली. नवीन चादर आणली, दोन उशा आणल्या. जावयाला तिखट चालतं का, ते विचारायचं राहिलं. शोभाताईंना सांगितलं, "मिनल येऊन राहिली!" आनंद झालाय, आणि लाजही वाटते. डाग नसता तर ती आली असती का? रोज विचारतो. उत्तर माहीत आहे.

२६ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. टाचेत रक्त साकळलं होतं, बस.

मिनलची गाडी उद्या सकाळी पोचते. आज तिचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा म्हणालो — रिपोर्ट अजून यायचाय.