खालची ओळ

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. छकुली सुखरूप पोचली. तुझी लेक मामीच्या मागे शेपटासारखी फिरते आणि दोन घास जास्तच जेवते, तेव्हा काळजी नसावी. माझा खोकला बरा आहे.

काल तिने सुटीचा अभ्यास काढला. इंग्रजी शब्द चांगल्या अक्षरात लिहायचे होते. म्हणाली, मामा, तू पेंटर, तूच काढून दे. एका शब्दावर तिने बोट ठेवलं आणि तो मी पुन्हा पुस्तकात न बघता काढला. पोरगी चाट पडली. मी अर्थ विचारला.

"एंटर म्हणजे आत जाणे. पुढे 'इन्टू' लावायचं नाही हं मामा, बाई मार्क कापतात. आणि दारावर लिहिलं असेल तर, आत या."

त्यानंतर ती काय बोलली, मला ऐकू आलं नाही.

ताई, मला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. अक्षरं मी चित्रासारखी उतरवतो. चार वर्षांपूर्वी कारखान्यात टाकीच्या खोलीवर पाटी रंगवायला सांगितली, तेव्हा साहेबांनी चिठ्ठी दिली होती. दोन ओळी. वरच्या ओळीला शिडी लागणार होती आणि शिडी दुसऱ्या शेडमध्ये गेलेली. म्हटलं, खालची उरकून घेऊ, वरची जेवण झाल्यावर. खालच्या ओळीत तो एकच शब्द होता.

मी जेवत होतो तेवढ्यात भाऊजी तिकडे गेले. त्या खात्यात त्यांचा तिसराच दिवस. आत वायू साठलेला. मी परतलो तेव्हा त्यांना बाहेर आणून निजवलं होतं.

साहेब म्हणाले, पाटी पुरी कर. मी केली. अक्षर बिघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकशीवाले आले, त्यांना दोन्ही ओळी दिसल्या. त्यांनी लिहिलं, मनाई असून कामगार आत गेला. पाटी अर्धी होती, हे मी बोललो नाही. अर्थ ठाऊक नव्हता हे खरं. पण अर्धी होती, हे तर ठाऊक होतं.

आज सकाळी हे सगळं लिहून कारखान्यात देऊन आलो. पुढे काय होईल ते होवो. छकुलीला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू ठरव. तिला न्यायला येशील तेव्हा मी समोर नको असेन, तर तसं मामीला कळव.

भाऊजींची आठवण निघाली की तू म्हणतेस, त्यांचा निष्काळजीपणाच त्यांना नडला. तेवढं यापुढे म्हणू नकोस. त्यांना इंग्रजी येत होतं. ते वाचूनच आत गेले.

तुझा भाऊ म्हणवण्याचा हक्क राहिला असेल तर,
तुझा धाकटा