मागच्या बाकावर भाऊ

५ मे, सोमवार

जीवशास्त्राच्या तासातून आज पोट धरून पळाले. पोट ठणठणीत होतं!

मिस सामींनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं — प्रजनन — आणि खाली चित्र काढायला घेतलं. पुढचे तीन आठवडे हेच. माझ्या मागे दोन बाकं सोडून फिलिमोने. तसा मामाचा मुलगा, पण आम्हा टोंगन लोकांत मामेभाऊ-चुलतभाऊ असलं काही नसतं. भाऊ तो भाऊच. आणि असला विषय निघाला की बहीण-भावानं एका छपराखाली बसायचं नाही. घरी टीव्हीवर कुणी कुणाचा मुका घेतला की फिलिमोने उठून डुकरांना खायला घालायला जायचा. आमची डुकरं उगाच नाही लठ्ठ झाली.

रीतीनं आजही त्यानंच उठायचं. बहिणीचा मान मोठा, वाट भाऊ सोडतो. पण त्याला डॉक्टर व्हायचंय. मामी वारली तेव्हा आमच्या बेटावर डॉक्टर नव्हता. आणि या फाउंडेशनच्या वर्षात नापास म्हणजे फिजीतल्या या सुव्यातून सरळ घरी, विद्यापीठाचं दार बंद. म्हणून मीच उठले. मला नर्स तर व्हायचंय, करेन काहीतरी! दिवसभर स्वतःवर खूश होते.

७ मे

तासाच्या वेळी होस्टेलच्या धुण्याच्या खोलीत बसले. धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. माझ्या खोलीतली तेरेतिया किरिबाती बेटांवरची. तिच्या जिभेला लगाम नाही.

"अगं, वार वाटून घ्या की! सोमवारी तू, बुधवारी तो."

"आणि हे ठरवायला त्याच्याशी काय बोलू?"

"हेच, की तो धडा —"

"तेच तर बोलायचं नाही ना!"

ती कॉटवर लोळून हसली. मला हसू आलं नाही.

९ मे

फिलिमोने मैदानावर! भर तासाच्या वेळी! काखेत चेंडू, सोबत फिजीची चार टगी पोरं. धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मी इथे साबणाच्या वासात बसलेय ती कुणासाठी? मी तास सोडला आणि हा खेळतोय!

जेवणाच्या रांगेत दिसला. मान खाली घातली आणि रांग सोडून गेला. लाज असेल थोडी तरी.

११ मे, रविवार

आज आयांचा रविवार. घरी चर्चमध्ये सगळ्या आयांना पुढे बसवून मुलं गाणी म्हणतात. मी नाही, म्हणून फोन केला. आई एवढी आनंदात होती! पाद्रीबाबांनी प्रार्थनेत माझं आणि फिलिमोनेचं नाव घेतलं म्हणे. "आपल्या बेटाचा डॉक्टर आणि आपल्या बेटाची नर्स." बायका माझ्यासाठी कमरेला गुंडाळायची मानाची चटई विणतायत, पदवीच्या दिवशी नेसायला.

"अभ्यास कसा चाललाय, लोसा?"

"छान. एक तास चुकवत नाही."

"आणि तो?"

आणि मी बोलले. तो वर्गात जात नाही, दिवसभर चेंडू खेळतो. जिभेला काही हाड! स्वतःचं झाकून त्याचं उघडं केलं. फोन ठेवल्यावर वाटलं, परत करावा. केला नाही.

१२ मे

आईनं मामाला सांगितलं. आता धाकानं तो वर्गात परत येईल, म्हणून मी अजून धुण्याच्या खोलीतच.

१५ मे

चाचणीचे पेपर मिळाले. अर्धा पेपर मी कोराच दिला होता. मिस सामींनी थांबवून घेतलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लोसालिने, तुला नर्स व्हायचंय ना? मग बायका बाळंत होतात त्याची पानं सोडून कसं चालेल, बेटा? लाज वाटते का?"

मी चपला बघत उभी. हो म्हणावं तरी लाज, नाही म्हणावं तरी लाज.

१८ मे, रविवार

आज बापांचा रविवार. फोनवर आई म्हणाली, मामा दरवर्षी पुढच्या बाकावर बसतो, आज सगळ्यात मागे बसला. गाणं संपायच्या आधी उठून गेला. फिलिमोनेला त्यानं विचारलं होतं, वर्गात जातोस का. तो म्हणाला, नाही. का नाही? गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. मामानं त्याला परत बोलावलंय.

"बरं झालं तू सांगितलंस," आई म्हणाली. "नाहीतर कळलंच नसतं."

२० मे

गेला.

सकाळी होस्टेलच्या फाटकाबाहेर उभा होता, आत नाही आला. मीही खाली नाही गेले. तेरेतियाच्या हाती त्यानं जीवशास्त्राचं पुस्तक पाठवलं. "म्हणाला, माझ्या बहिणीला लागेल." एवढंच. पुस्तक नवंकोरं, त्या धड्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. खोबरेल तेलाचा वास येतो त्याला, घरच्या तेलाचा. मी ते उशीखाली ठेवलं आणि मग काढून कपाटात टाकलं.

२२ मे

आज तासाला बसले. मागे कुणी नाही. फळ्याकडे सरळ बघता आलं, लिहून घेता आलं, एक प्रश्नसुद्धा विचारला! बरं वाटलं. कसं वाटलं मला बरं? कसली बहीण मी!

२३ मे

तास संपल्यावर मिस सामी म्हणाल्या, "आता आलीस रुळावर. तुमच्या टोंगाचा तो उंच मुलगा मात्र गेला, फिलिमोने. चांगला होता गं. पण थापाड्या."

"थापाड्या?"

"तू पोट धरून गेलीस ना, त्याच दिवशी तास संपल्यावर आला. म्हणे, या वर्गात माझी बहीण आहे, मी असलो तर ती बसणार नाही. हा धडा होईपर्यंत मी येत नाही, तिला बसू दे. मी विचारलं, कोण बहीण? मान खाली. नाव घेईना. मी हजेरी बघितली, त्याच्या आडनावाची एकही मुलगी नाही."

मी म्हणाले, "मी. मीच."

त्यांनी हजेरीचं पुस्तक पुन्हा उघडलं.

बापाला काय सांगणार होता तो! तीनदा विचारलं तरी गप्पच बसणार. आणि मला तो खेळताना दिसला. दुपारभर कुठेतरी तर जाणार ना माणूस, वर्गापासून लांब!

मामाला मी सांगू शकत नाही, भाची असले विषय मामापुढे काढत नाही. उद्या आईला सगळं सांगते. माझी थापही. ती बाईमाणूस आहे, तिला सांगता येईल. ती मामाला समजावेल. मामा ऐकेल तिचं, तिचा मान मोठा.

२४ मे

सांगितलं. सगळं.

आई रागावली नाही. मग हळूच म्हणाली, "लोसा, तो माझा भाऊ आहे गं. त्याला मी हे कुठल्या तोंडानं सांगू?"