अर्जावरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. बडोदे.

सुहासच्या तेराव्यानंतर आज प्रथमच वाडी भागात त्याच्या बायकोला भेटायला गेले. वहिनींनी कौतुकानं त्याचा पेटंटचा अर्ज दाखवला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं, भिंगं चिकटवणारं यंत्र. गोंद सुकताना आकसतो आणि भिंग ओढतो, म्हणून यंत्रानं ते आधीच केसभर बाजूला ठेवायचं, ही युक्ती माझी. अर्जावर नाव एकट्या सुहासचं. अर्जही तो आजारी पडण्याआधीचा. मग कामावर रोज माझ्यासमोर डबा खाताना गप्प कसा राहिला?

“मीनाबेन, हे केसभराचं यांना सुचलं कसं हो?”

“हुशारच होता तो,” म्हणाले. का म्हणाले?

वहिनी रडल्या. मला रडू आलं नाही. आज त्याच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला तोच नाही.