मंत्रिमंडळातली रिकामी जागा

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आलाच नाही!

सकाळपासून हातात धरून बसलो होतो. आमदार निवासाच्या खोलीत, नवं जाकीट घालून. चारला शपथविधी. दुपारी शेजारच्या खोलीतल्या पोराला फोन आला. पहिल्यांदा निवडून आलाय, विधानसभेत कुठल्या दारानं आत जायचं ते अजून माहीत नाही, आणि तो राज्यमंत्री! मी पाच वर्षं कॅबिनेट मंत्री होतो. खातं कुठलं दिलं होतं? खारभूमी! डोंगरातल्या माणसाला खारभूमी! डोळखांबात कुठून आणू खारं पाणी? तरी चूं केलं नाही. अलिबागपासून डहाणूपर्यंत बांधांवरून फिरलो, चिखल तुडवला. त्याचं हे फळ.

खाली तीन बसगाड्या उभ्या. मतदारसंघातली माणसं वाजंत्री घेऊन आलेली, 'आपल्या साहेबांचा शपथविधी' बघायला. त्यांना काय सांगू? पंकजला पाठवलं. माझा पीए, त्याचं कामच ते. तो सांगून आला, 'दुसऱ्या टप्प्यात होणार आहे.' माणसं वडापाव खाऊन परत गेली. एक म्हातारा वर येऊन विचारतो, 'सायेब, वाजवू का नको?' वाजव माझ्या डोक्यावर!

पाड्यावरचा माझा जुना दोस्त धाऊ तेवढा आला नव्हता. गुडघे दुखतात म्हणे. माझ्या पहिल्या निवडणुकीला गेरूनं भिंती रंगवल्या त्यानं, माझं प्रत्येक यश बघायला हजर असणारा माणूस, आणि नेमके आजच गुडघे दुखले! पण बरंच झालं. हे बघायला तो नव्हता.

घरी आलो तर वत्सला म्हणाली, 'जाकीट काढा आता.' बाकी बायको काही बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

६ फेब्रुवारी

आसनगावच्या पुलावर बॅनर तसाच. 'पुन्हा एकदा नामदार! हार्दिक अभिनंदन!' परवाच लावून मोकळे झाले शहाणे. पंकज म्हणतो, 'साहेब, लावायला पन्नास पोरं येतात, काढायला कोणी येत नाही.' शेवटी तो आणि ड्रायव्हर, दोघंच चढले. खालून जाणारे फोटो काढत होते.

८ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या साहेबांना भेटून आलो. दीड तास बाहेर बसवलं. मला! आत गेलो तर चहा, बिस्किटं, 'तब्येत कशी आहे.' मी म्हटलं, तब्येतीचं राहू द्या, माझं काय चुकलं ते सांगा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तीनदा आमदार. एकेक पायरी घासून वर आलोय, कोणाच्या बापाच्या नावावर नाही.

साहेब म्हणाले, 'तुमच्याच माणसानं येऊन सांगितलं, सावळाराम. याला मंत्री करू नका म्हणाला. विरोधकानं सांगितलं असतं तर मी हसलो असतो. पण तुमचा अगदी जवळचा माणूस. माझं मन डळमळलं.'

कोण? नाव सांगत नाहीत! 'मी शब्द दिलाय त्याला.' मग म्हणाले, 'एक जागा रिकामी ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत. तुमचा तो माणूस शोधा, त्याची समजूत घाला. तो हो म्हणाला, की मी तुमचं नाव घेतो.'

अरे, हा काय खेळ लावलाय? मंत्रिमंडळ आहे की शाळेतली लपाछपी? पण जागा आहे. रिकामी आहे! आता तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा सापडू दे. त्याच्या नरडीला धरून 'हो' म्हणवून घेतो की नाही बघा!

९ फेब्रुवारी

मितेश. दुसरं कोण असणार? तालुकाध्यक्ष मी केला त्याला. गाडी पुसत होता माझी. आता स्वतःला आमदारकी पाहिजे. गेल्या महिन्यात दोनदा मुंबईला गेला, कशाला विचारलं तर म्हणे सासऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन. मला शिकवतोय!

बोलावलं, सगळ्यांसमोर झापला. रडायला लागला. 'दादा, आईची शपथ, मी नाय.' नाय तर नाय. पद काढून घेतलं. आता घे म्हटलं शपथा घरी बसून.

वत्सला आतून म्हणाली, 'खात्री केलीत का?' राजकारण तू करतेस की मी, असं विचारलं. तिनं आत कुकर आपटला.

१० फेब्रुवारी

मितेशच्या सासऱ्याचं ऑपरेशन खरंच झालंय. पंकज डोळ्यावरची पट्टी बघून आला.

मग कोण?

पद परत देणार नाही. आत्ताच नाही. लोक काय म्हणतील!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मुरबाडकडे हळदीला गेलो. आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तरी चालतं, हळदीला जावंच लागतं. मंडपाच्या दाराशी पाय ठेवला की माईकवाला गाणं थांबवतो, नाव पुकारतो, शाल-श्रीफळ येतं. आज पाय ठेवला. गाणं चालूच! मी उभा. पंकज खाकरला. तेव्हा कुठं माईकवाल्यानं बघितलं आणि ओरडला, 'आपल्या मंडपात माजी मंत्री यांचं आगमन झालेलं आहे!' माजी! आठ दिवस नाही झाले अजून! शब्द कसा तोंडावरच होता त्याच्या.

तेवढ्यात मागून गाड्यांचे दिवे आले. तो कालचा पोर, राज्यमंत्री. लाल शालींचा ढीग त्याच्या खांद्यावर. माझा नारळ माझ्या हातातच, तो कोणाला द्यायचा ते माझं मलाच कळेना. शेवटी नवऱ्या मुलीच्या मामाच्या हातात दिला. तो बिचारा मला शाल शोधत बसला.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. माझे तर पत्रेसुद्धा उडाले!

१३ फेब्रुवारी

धाऊला फोन केला. म्हटलं याला माणसं कळतात, हा सांगेल. 'धाऊ, माझ्या जवळचाच कोणी जाऊन मोठ्या साहेबांना सांगून आलाय. कोण असेल रे?'

आधी आपले गुडघेच सांगत बसला. मग म्हणतो, 'जाव दे ना रं. मंत्री नाय तं नाय. काय अडला हाय का तुजा?'

काय अडलंय! पेटलोच मी. म्हटलं, तुला काय कळणार, तुझा जन्म पाड्यावर गेला. तो म्हणाला, 'इकडं ये. बसून बोलू.' बसून बोलू म्हणजे साकव. त्यांच्या ओढ्यावर व्हायचा राहिलेला साकव, पायी जायचा छोटा पूल. तीन वेळा नारळ फोडलाय मी तिथं, एकदा आमदार म्हणून, दोनदा मंत्री म्हणून. पावसात पाडा तुटतो, मान्य आहे. पण माझंच घर वाहून चाललंय आणि ह्याला साकव! फोन बंद केला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धाऊ गेला. पहाटे झोपेतच. सुनिलचा, त्याच्या मुलाचा फोन आला.

मातीला गेलो. डोळखांबच्या पुढं गाडी जात नाही. चालत गेलो, ओढा दगडांवरून ओलांडला. सगळे बघत होते माझा पाय कुठं पडतो ते. काशीवहिनी, धाऊची बायको, रडत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, 'आले भावजी.'

राग येतोय. त्याच्यावरच. असा कसा गेला? मी फोन बंद केला होता, पुन्हा करणार होतो की!

१९ फेब्रुवारी

महिना संपत आला. तो हरामखोर अजून सापडत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

धाऊचा दहावा. नदीवर. लिहायची इच्छा नाही, पण लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

आपल्याकडे दहाव्याला पुढारी असतातच आणि पुढारी असले की माईक असतो. पिंड मांडून झाले, भटजी थांबले, आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू. पंचायत समितीचा एक बोलला, बाजार समितीचा एक बोलला. दोघांनीही धाऊबद्दल तीन वाक्यं आणि स्वतःबद्दल तीस. मग मी. काय बोललो आठवत नाही. मीही तेच केलं असणार.

मग सगळे मागं सरकले. समोर करंजावर आठ-दहा कावळे. एक खाली येईना! सुनिलनं हात जोडले. 'बाबा, आयला नीट सांभाळीन.' नाही. 'बैल इकनार नाय.' नाही. ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या. आणि मागून कोणीतरी म्हणालं, 'साकव! धाऊचा जीव साकवात अडाकलाय!'

झालं! शंभर माणसांची तोंडं माझ्याकडे वळली. माईकवाल्या शहाण्यानं माईकच आणून दिला हातात. मी बोललो, 'धाऊ, येत्या पावसाच्या आत साकव करून देतो. शब्द आहे माझा.' माईकमधून नदीपलीकडं आवाज गेला. कावळा जागचा हलला नाही. एक पोरगं हसलं. हसलं! मी पुन्हा बोललो, आकड्यासकट, निधीसकट, कुठल्या लेखाशीर्षातून देणार ते सगळं. करंजावरचा एक कावळा उडाला तो उलट्या दिशेला.

मेलेल्या माणसालासुद्धा माझा भरवसा नाही! आणि तो माझा धाऊ! त्या कावळ्याला दगड मारावा असं वाटलं. नदीकाठी मी माईक धरून उभा, आणि सगळे माना खाली घालून चोरून मला बघत होते.

तेवढ्यात काशीवहिनी पुढं आली. 'तुमी मागं व्हा, भावजी. तेंचा मन साकवात नव्हताच.' पिंडांजवळ वाकली, हळू आवाजात काहीतरी बोलली, एखादंच वाक्य. मागं सरली. आणि एक कावळा तीरासारखा खाली आला, पिंडाला चोच लावली. बायकांनी हात जोडले. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

काय बोलली ती?

२६ फेब्रुवारी

वत्सलाला विचारलं, तू जवळ उभी होतीस, काय म्हणाली काशी? म्हणते, 'ऐकू आलं नाही.' खोटं बोलते तेव्हा ती पदर नीट करते. आज तीनदा केला.

माझ्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. मीच एक मूर्ख.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकटाच गेलो. पंकज नको, गाड्या नकोत. ओढा ओलांडला. काशीवहिनी भात पाखडत होती.

विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. 'सांगितला तेंना, मी हाय तवर भावजी मंत्री व्हनार नाय. तवा आला कावला.' मी काही बोलायच्या आतच पुढं म्हणाली, 'मुंबयला तेच गेल्ते. सुनिलला संगं घेतला. मोठ्या सायबाच्या पाया पडले. रागावू नका भावजी. तुमचा वायट नाय इचारला तेंनी. मंत्री नव्हते तवा तुमी ह्या वटीवर जेवाया येवाचे. पाच वर्सात एक डाव तरी आले?'

ओरडणार होतो. तोंड उघडलं होतं. तिनं ताट पुढं ठेवलं, भात आणि वालाचं कालवण. पहिला घास घेतला आणि मला रडूच आलं. धाऊच्या ओटीवर बसून, तोंडात भात घेऊन. तेवढ्यात पंकजचा फोन.

'साहेब, वरून विचारतायत. आजच कळवायचंय. तो माणूस सापडला का?'

सापडला, म्हटलं. नाहीच म्हणतोय.